उचलणे आणि ठेवणे

घर बदलणे ही गृहस्थाच्या आयुष्यात दोन-चार वेळा येणारी गोष्ट. ज्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी मात्र ती रोजची. ‘पॅकर्स-मूव्हर्स’ या जोडनावाने ओळखला जाणारा हा धंदा दीर्घकाळ अनुभवी माणसाच्या डोळ्यांवर चालत आला. तो माणूस घरी येई, कपाट दारातून निघेल की नाही ते टेपने मोजी, जिन्याचे वळण पाहून क्षणभर थांबे, माळ्यावर काय आहे ते विचारी आणि वहीत लिही : 14 फुटी गाडी, चार माणसे, एक दिवस. आता अनेक ठिकाणी त्याच्या जागी मोबाइलचा कॅमेरा आला आहे. घरमालकाने खोल्याखोल्यांतून फिरून व्हिडिओ काढायचा. संगणक-प्रणाली त्यातील पलंग, सोफा, कपाट, वॉशिंग मशीन ओळखते, प्रत्येकाला घनफुटांचा आकडा लावते आणि बेरीज करून गाडीचा आकार, माणसांची संख्या व दर सांगते. गाडीने कोणत्या रस्त्याने जावे, किती वाजता निघावे, कोणत्या दोन कुटुंबांचे सामान एका गाडीत बसेल, हेही तीच सुचवते. कृत्रिम बुद्धिमत्ता हा मोठा शब्द या व्यवसायात असा साध्या कामांच्या रूपाने शिरला आहे.

त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. माणसाचा अंदाज नेहमीच निर्मळ असे, असे थोडेच आहे? चार माणसे सांगून तीन पाठवणे, घराचा थाट पाहून दर वाढवणे, गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आकडा मुद्दाम कमी सांगणे, हे सारे वहीच्या काळातही होतेच. यंत्र खुर्च्या मोजताना कंटाळत नाही आणि बाल्कनीतील कुंड्या विसरत नाही. आई सांगलीत एकटी राहते, मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूत आहे आणि घर हलवायचे आहे पुण्याला. अशा कुटुंबाला व्हिडिओवरून मिळणारा अंदाज ही मोठीच सोय. एकच यादी दोन-तीन व्यावसायिकांपुढे ठेवून त्यांचे दर ताडून पाहता येतात. रिकाम्या परतणाऱ्या गाडीत दुसऱ्या कोणाचे सामान बसले, तर तेवढे डिझेल वाचते. कमी धूर म्हणजे कमी हिंसा, हे जैन वाचकाला वेगळे सांगायला नको.

अडचण सरासरीपाशी सुरू होते. आकारावरून वजन काढण्यासाठी अमेरिकेतील या व्यवसायात एका घनफुटाला 7 पौंड, म्हणजे सुमारे सव्वातीन किलो, असा ठोकताळा वर्षानुवर्षे वापरला जातो. सोफा, गाद्या, लाकडी खुर्च्या यांच्या मिसळीला तो बऱ्यापैकी लागू पडतो. आता एखाद्या स्वाध्यायशील कुटुंबाचे फडताळ घ्यावे. धवलेचे 16 खंड, समयसार, पुराणे, तीन पिढ्यांनी जमवलेली स्तोत्रांची व पूजांची पुस्तके. ग्रंथांनी भरलेले दीड घनफुटांचे खोके त्या ठोकताळ्याने पाच किलोंचेही ठरत नाही. उचलणाऱ्याच्या हातात ते वीस किलोंच्या आसपास भरते. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळ, पाटा-वरवंटा यांची गोष्ट तीच. बंद कपाट कॅमेऱ्याला केवळ कपाट म्हणून दिसते. आत रजया आहेत की ग्रंथ, हे त्याला कोणी तरी दाखवावे लागते, आणि दार उघडून दाखवण्याचा कंटाळा यंत्राला नव्हे, घरातल्या माणसाला येतो. लिफ्ट बंद आहे आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे, अशा वेळी हा फरक आकड्यांपुरता राहत नाही. तो एका मजुराच्या कंबरेचा होतो.

वजनाहूनही अवघड प्रश्न आहे तो वस्तू कोणती, हा. समजा, सांगलीच्या गावभागातील जुन्या वाड्यातून एक कुटुंब बाहेर पडत आहे. वाड्यात गृहचैत्यालय आहे. यंत्राच्या यादीत त्याची नोंद होते ती ‘लहान लाकडी कपाट, नग 1’ अशी. नोंद चुकीची म्हणता येणार नाही. ते लाकडी आहे, लहान आहे आणि कपाटासारखेच आहे. पण प्रतिष्ठित जिनबिंब बबल-रॅपमध्ये गुंडाळून गाद्यांच्या थप्पीत ठेवायचे नसते. स्नान करून, शुद्ध वस्त्रे नेसून घरच्यांनीच ते हाती घ्यायचे. नव्या घरी जागा सिद्ध होईपर्यंत ते कोठे विराजमान करायचे, नित्य अभिषेक-पूजेची व्यवस्था कशी लावायची, हे मंदिरातील पंडितांना किंवा जाणत्या त्यागींना विचारून ठरवायचे. यादी करण्यापूर्वीच ‘हे आमच्याकडे राहील’ असे म्हणणारा माणूस घरात लागतो, आणि ते ऐकून मान डोलावणारा माणूस व्यवसायिकाकडे लागतो.

दुसरी वस्तू याहून साधी. आजीच्या हस्ताक्षरातील व्रतकथांची आणि आरत्यांची वही. वजन फार तर 200 ग्रॅम. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना अधिक संरक्षण घेतले नसेल, तर वाहकाची जबाबदारी प्रत्येक वस्तूमागे पौंडाला 60 सेंट इतकीच असते. त्या हिशेबाने ही वही हरवली, तर भरपाई सुमारे 26 सेंट! भारतातील हिशेब निराळा आहे. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आणि त्याखालील 2011 चे नियम यांनुसार, अधिक जोखमीचा दर भरून जास्त मूल्य जाहीर केले नसेल, तर सामान्य वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती, आणि तीही जाहीर केलेल्या मूल्यापलीकडे न जाणारी, अशी मर्यादित असते. म्हणून मौल्यवान वस्तूंचे मूल्य पाठवणीच्या कागदावर स्वच्छ लिहिणे हे घरमालकाचे काम. मात्र आजीच्या वहीपुढे कोणता आकडा लिहावा? तिची जागा सुनेच्या पर्समध्ये किंवा नातवाच्या दप्तरात. हा निर्णय घेण्यासाठी ती वही कोणाची, हे ठाऊक असावे लागते. ती कशी दिसते, एवढ्यावर तो होत नाही.

जैन आचारशास्त्रात या व्यवसायाचे सारे मर्म एका समितीत सामावले आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मुनींच्या पाच समित्यांतील चौथी ती आदाननिक्षेपण समिती. आदान म्हणजे उचलणे, निक्षेपण म्हणजे ठेवणे. शास्त्र, कमंडलू किंवा अन्य उपकरण उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहायचे, मग पिच्छीने ती जागा व ती वस्तू हळुवार परिमार्जित करायची, आणि मगच हात लावायचा. श्वेतांबर परंपरेत हेच काम रजोहरण करते. डोळ्यांनी जागा निर्जंतुक दिसली, तरी पिच्छी फिरवायचीच. पाहणे झाले म्हणून परिमार्जन टळत नाही. आयुष्यभर एका गावाहून दुसऱ्या गावी विहार करणाऱ्या, म्हणजे एका अर्थाने सतत मुक्काम हलवणाऱ्या, साधूंनी घालून घेतलेला हा दंडक आहे. त्यांचे सामान ते केवढे! तरीही उचलण्या-ठेवण्याच्या प्रत्येक कृतीला स्वतंत्र अवधान दिलेले आहे.

कॅमेरा आणि प्रणाली हे यांतील पहिले काम, पाहण्याचे, बऱ्यापैकी करू लागले आहेत. खरा धोका ते चुकतात यात तितका नाही. यंत्राने पाहिले म्हणून माणूस पाहणे सोडतो, हा धोका मोठा. विमानचालनासारख्या क्षेत्रांत स्वयंचलित यंत्रणेवर विसंबून माणसाचे अवधान सैलावते, ही बाब फार पूर्वीच लक्षात आली. युरोपीय संघाच्या 2024 च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने अधिक जोखमीच्या प्रणालींवर मानवी देखरेख बंधनकारक करताना या विसंबण्याच्या प्रवृत्तीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जैन परिभाषेत तिला फार जुने नाव आहे, ते प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमादयुक्त योगाला प्रथम स्थान दिले, ते उगीच नव्हे. यादीत ‘काचेचे सामान नाही’ असे छापून आले आणि हमालाने खोके खांद्यावरून धपकन टाकले. आत लोणच्याच्या बरण्या होत्या. येथे दोष कोणाचा? प्रणालीने दिसले तेवढे सांगितले. बरणी कॅमेऱ्यासमोर न आणणारा घरमालक, खोके हलवून न पाहणारा मजूर आणि ‘यादीत नव्हते’ म्हणून हात झटकणारा व्यवस्थापक, हे तिघेही यंत्राच्या आड उभे राहू शकतात. यंत्र मात्र कोणाच्याही आड उभे राहत नाही, कारण त्याला कोणी जाब विचारत नाही.

या व्यवसायात आणखी एक पद्धत येत आहे. सामान भरण्यापूर्वीची आणि उतरल्यानंतरची छायाचित्रे प्रणाली ताडून पाहते, ओरखडा किंवा तडा शोधते आणि नुकसान झाले की नाही याचा निवाडा सुचवते. भांडणे मिटवायला हे उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु तिला कळतो तो केवळ परिणाम. अयत्नाने वागणाऱ्याच्या हातून प्रत्यक्ष कोणी दुखावले गेले नाही, तरी दोष त्याच्याकडे राहतोच, आणि सावधपणे वर्तणाऱ्याच्या हातून अनवधानाने काही घडले, तर त्याची गणना वेगळी होते, असा विचार आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात मांडला. ज्याने आरसा निष्काळजीपणे ओढत नेला आणि दैवाने तो फुटला नाही, तो मजूर छायाचित्रांच्या तपासणीत निर्दोष ठरतो. ज्याने आरसा दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला, पण जिन्यात वाळू होती म्हणून पाय घसरला, त्याच्या नावावर खूण पडते. जुना मुकादम हा फरक ओळखत असे, कारण तो जिन्यात उभा असे.

जिन्याचा विषय निघाला म्हणून वेळेचाही काढावा लागतो. प्रणालीने गाडी भरायला तीन तास दिलेले असतात. पुढच्या घराची वेळ लागलेली असते. वीस वर्षे न हललेले सागवानी कपाट भिंतीपासून सरकवले की मागे काय निघते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कोळ्यांची जाळी, मुंग्यांची रांग, कसर, पालीची अंडी. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रानेही मानले आहे. टाळता येण्याजोगी टाळणे, हे त्याचे कर्तव्य. मऊ कुंच्याने कडा झाडून घेणे, मुंग्यांना वाट मिळेपर्यंत थांबणे, घर हलवण्याच्या आदल्या दिवशी विषारी फवारणी न करणे, यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. तो प्रणालीच्या वेळापत्रकात नसतो, कारण तो कोणी मागितलेलाच नसतो. सामान नोंदवतानाच तो मागता येतो. शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे नेमक्या पावसाच्या तोंडावर, अनेक घरे हलतात, तेव्हा तर हे अगत्याने करावे.

वेळेचा खरा भार पडतो तो मजुरांवर. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो ओझे वाहणाऱ्यांना मंडळाच्या आधाराने नियमित मजुरी व काही कल्याणाची हमी मिळावी म्हणून. आता कोणाला काम द्यायचे, कोणाला नाही, हे जेथे मोबाइलमधील ताऱ्यांवरून ठरते, तेथे त्या हमीचा धागा विरळ होतो. युरोपीय कायद्याने कामगारांना काम वाटणाऱ्या व त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या प्रणालींना अधिक जोखमीच्या गटात घातले आहे. आपल्याकडे निदान घरमालकाने एवढे जाणावे, की उशीर झाला म्हणून रागाने दिलेला एक तारा त्या मजुराच्या पुढच्या आठवड्याच्या चुलीपर्यंत पोहोचू शकतो. दुपारी त्याला पाणी, जेवण आणि बसायला सावली दिली, तर कामही सावकाश आणि नीट होते. हा व्यवहाराचाच भाग आहे. उपकार मानण्याचे कारण नाही.

समाजातील कित्येक कुटुंबे वाहतुकीच्या, गोदामांच्या, व्यापाराच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्या तरुण पिढीपुढे प्रश्न दराचा आहे. प्रणाली मागणी पाहून दर वर-खाली करते. महिनाअखेरीस आणि सुटीच्या दिवशी भाव चढणे समजू शकते. पण जाणूनबुजून कमी आकडा दाखवायचा, सामान गाडीत चढवायचे आणि मग ‘प्रत्यक्षात घनफूट जास्त भरले’ म्हणून दारातच जास्त रक्कम मागायची, ही या धंद्याची सर्वत्र बदनाम झालेली रीत आहे. घर रिकामे, सामान गाडीत, बायको-मुले फुटपाथवर. अशा वेळी गृहस्थ भांडणार कोणाशी? अमेरिकेत आंतरराज्य स्थलांतराच्या बंधनकारक नसलेल्या अंदाजाबाबत, सामान पोहोचवताना अंदाजाच्या 110 टक्क्यांहून अधिक रक्कम अडवून मागता येत नाही, असा नियम करावा लागला, तो अशाच अनुभवांतून. श्रावकाला त्यासाठी परदेशी नियमाची वाट पाहावी लागत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे माप, याची गणना फार पूर्वीच झाली आहे. मापाची जागा आता प्रणालीच्या आकड्याने घेतली, इतकेच. आकडा प्रणालीने काढला, मी नव्हे, हे उत्तर तराजूच्या काट्यावर दोष ढकलणाऱ्या वाण्याचे उत्तर आहे.

आणि म्हणून ज्या व्यावसायिकाला यंत्र वापरायचे आहे, त्याने ते जरूर वापरावे, पण आकडा गिऱ्हाइकाला कळवण्यापूर्वी अनुभवी माणसाने व्हिडिओ पुन्हा पाहावा, फोन करून चार प्रश्न विचारावेत. कपाटे उघडली होती का? माळ्यावर काय आहे? नव्या घराच्या गल्लीत गाडी वळते का, सोसायटीचे फाटक किती उंच आहे? पूजेचे, औषधांचे, वृद्धांचे असे काय आहे जे तुमच्याजवळच हवे? या संभाषणाला दहा मिनिटे लागतात. आकडा बदलला, तर का बदलला तेही लिहून द्यावे. शेवटचा शब्द माणसाचा असावा आणि त्या माणसाचे नाव व दूरध्वनी कागदावर असावा. दिवसभर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असेच म्हणत राहणारा संदेश नव्हे.

घरमालकाकडूनही थोडे भान अपेक्षित आहे. सर्वेक्षणासाठी काढलेल्या व्हिडिओत तिजोरी कोठे आहे, चांदीची भांडी कोणत्या फळीवर आहेत, खिडक्यांना गज आहेत की नाहीत, हे सारे दिसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली केला, त्याचा गाभा संमती आणि ठरावीक हेतू हा आहे. व्हिडिओ कोण पाहणार, कधी पुसला जाणार, हे विचारायला संकोच नको. तिजोरीच्या खोलीत मोबाइल न नेणे हे त्याहून सोपे.

या साऱ्या खटाटोपात यंत्र एक अनपेक्षित काम करून जाते. ते घरातील वस्तूंची यादी करते, आणि ती पुष्कळदा त्या घराची पहिलीच पूर्ण यादी असते. परिग्रहपरिमाणाचे व्रत घेताना वास्तू, धन-धान्य, वस्त्रे-भांडी यांची मर्यादा ठरवायची असते. पण आपल्याकडे काय किती आहे, हेच माहीत नसेल, तर मर्यादा कशाची घालणार? पाच पिंप, तीन मिक्सर, अकरा सूटकेसा, बंद पडलेली दोन शिवणयंत्रे असे छापून समोर आले, की घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात आणि मग एकमेकांकडे बोट दाखवतात. यादी हाती येताच थेट दर विचारण्याऐवजी ती दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवावी. घंगाळ पाठशाळेला, पुस्तकांच्या जादा प्रती मंदिराच्या ग्रंथालयाला, गाद्या गरजूंना, असे होत होत 17 फुटी गाडीची 14 फुटी झाली, तर भाडेही कमी होते.

सामान उतरल्यावर मात्र घाई करू नये. पोच-पावतीवर सही करण्यापूर्वी नग मोजावेत, फुटके-तुटके असेल ते त्या कागदावरच लिहावे आणि त्याचे छायाचित्र ठेवावे. हानी किंवा नुकसानीसाठी वाहकावर दावा करायचा, तर माल नोंदवल्याच्या दिवसापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस देणे कायद्याने आवश्यक आहे. सगळी खोकी उघडायला एक दिवस पुरत नाही आणि गाडीवाल्याला पुढे जायचे असते. तेव्हा निदान काचेची आणि ग्रंथांची खोकी त्याच्यादेखत उघडून पाहावीत.